राउटर कॉन्फिगसाठी नॅपाम: डिफ किती खरा, रोलबॅक किती पक्का

एंटर दाबल्यावर काय होणार, हे एंटर दाबण्याआधी कळत नाही. राउटरच्या कमांड लाइनची ही जुनी अडचण आहे. सिस्को आयओएसवर तर प्रत्येक ओळ टाकल्या क्षणी लागू होते. चुकीच्या इंटरफेसवर ॲक्सेस लिस्ट (कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं याची यादी) लागली की त्याच वाटेने आलेलं आपलं एसएसएच सेशन (दुरून केलेलं सुरक्षित लॉगिन) तिथेच गोठतं आणि उरलेलं काम कन्सोल केबल घेऊन उरकावं लागतं. नॅपाम ही पायथनची लायब्ररी नेमकी या जागी उपयोगी पडते. बदल आधी डिव्हाइसकडे पाठवायचा, चालू कॉन्फिगशी (सध्याच्या सेटिंगशी) त्याचा फरक, म्हणजे डिफ, बघायचा, पटला तर कमिट, म्हणजे लागू, करायचा, नाही पटला तर टाकून द्यायचा. अरिस्टा ईओएस, जुनिपर जुनोस आणि सिस्कोच्या आयओएस, आयओएस-एक्सआर व एनएक्स-ओएस या पाच प्रणालींसाठी मेथडची नावं तीच राहतात. लायब्ररी मुक्त आहे, अपाची २.० परवान्याखाली.

मत आधीच सांगून टाकतो. जुनोस, ईओएस आणि आयओएस-एक्सआरवर नॅपाम डोळे झाकून घ्यावी इतकी चांगली आहे. आयओएसवर ती उपयोगी आहे, पण तिथे तिचा डिफ कसा तयार होतो हे माहीत असल्याशिवाय रिप्लेसला, म्हणजे संपूर्ण कॉन्फिग बदलण्याला, हात लावू नये. कारण वरून मेथड एकच दिसली तरी खाली प्रत्येक ड्रायव्हर (त्या त्या प्रणालीशी बोलणारा लायब्ररीचा भाग) वेगळंच काम करत असतो, आणि वेळ आल्यावर तारतं किंवा बुडवतं ते हे खालचं काम.

बसवायला काही अवघड नाही. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून पिपने 'नॅपाम' हे एकच पॅकेज घ्यायचं. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरचं पॅकेज सुटं असायचं, आवृत्ती २ पासून सगळे एकत्र आले. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा आग्रह एवढ्यासाठी की नॅपाम स्वतःबरोबर नेटमिको (एसएसएचवरून डिव्हाइसना कमांड देणारी लायब्ररी), जुनिपरची पायईझेड (जुनोससाठीची लायब्ररी) अशी बरीच मंडळी घेऊन येते, आणि दुसऱ्या एखाद्या टूलला नेटमिकोची वेगळी आवृत्ती हवी असली की दोन्हींची ओढाताण होते. आवृत्त्या फाइलमध्ये पक्क्या लिहून ठेवाव्यात. नेटमिको ४ मध्ये कमांडच्या उत्तराची वाट बघण्याची पद्धत बदलली आणि मुदत १० सेकंदांवर आली. त्यानंतर मोठं कॉन्फिग असलेल्या संथ राउटरवर, आधी बिनबोभाट चालणाऱ्या स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबू शकतात. 'रीड_टाइमआउट_ओव्हरराइड' हा पर्याय वाढवून दिला की काम पुढे सरकतं. कनेक्शनची स्वतःची मुदत, 'टाइमआउट', वेगळी असते आणि मुळात ६० सेकंद असते. या दोन मुदतींची गल्लत होऊ देऊ नका. एक वाढवून दुसरीचा दोष जात नाही.

कामाचा क्रम सगळीकडे सारखा आहे. ड्रायव्हर निवडा, 'ओपन' करा, 'गेट_कॉन्फिग'ने चालू कॉन्फिग उतरवून घ्या, 'लोड_मर्ज_कँडिडेट' किंवा 'लोड_रिप्लेस_कँडिडेट'ने बदल चढवा, 'कम्पेअर_कॉन्फिग'ने डिफ घ्या. डिफ रिकामा आला तर 'डिसकार्ड_कॉन्फिग' करून बाहेर पडा, कमिट करू नका. डिफ आला तर माणसाने वाचावा, मगच 'कमिट_कॉन्फिग'. मर्ज म्हणजे असलेल्यात भर घालणं. रिप्लेस म्हणजे दिलेली फाइल हेच संपूर्ण कॉन्फिग. फाइलमध्ये जे नाही ते राउटरवरूनही जाणार. पहिल्यांदा वापरणाऱ्याने तुकडा हातात असताना चुकून रिप्लेस बोलावलं तर डिफमध्ये वजा चिन्हांची रांग लागते. ती वाचली तर राउटर वाचतो.

जुनोसवर हा क्रम अगदी अंगचा वाटतो, कारण कँडिडेट कॉन्फिग, म्हणजे लागू होण्याआधीचा मसुदा, ही कल्पना जुनोसच्या पोटातच आहे. डिव्हाइसवर फक्त नेटकॉन्फ सेवा (कॉन्फिग वाचण्या-बदलण्याचा प्रोटोकॉल) एसएसएचवर सुरू करायची. फाइल महिरपी कंसांच्या मजकुरात, 'सेट' ओळींत किंवा एक्सएमएलमध्ये असली तरी ड्रायव्हर ती ओळखतो. डिफ जुनोस स्वतः काढून देतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. 'शो, पाइप, कम्पेअर' करून जे दिसतं तेच हे. इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉक. मुळातल्या वागणुकीत ड्रायव्हर कॉन्फिग चढवताना डेटाबेसला लॉक लावतो. कुणी सहकारी हाताने काहीतरी बदलून कमिट न करताच उठून गेला असेल, तर हा लॉक मिळतच नाही आणि स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. ही एरर त्रासदायक वाटते, पण तीच आपलं रक्षण करते. नाहीतर आपल्या कमिटबरोबर त्याचे अर्धवट बदलही लागू झाले असते. एरर आली की आधी माणूस शोधा. स्क्रिप्टमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा लूप घालून काही साधत नाही.

ईओएसवर प्रत्येक बदलासाठी ड्रायव्हर वेगळं कॉन्फिग सेशन उघडतो, रिप्लेस असेल तर आधी ते कोऱ्या कॉन्फिगवर नेतो आणि मग आपली फाइल चढवतो. डिफ इथेही डिव्हाइसच काढतं. बोलणं एचटीटीपीएसवरच्या ईएपीआय या अरिस्टाच्या एपीआयमार्फत होतं, त्यामुळे डिव्हाइसवर 'मॅनेजमेंट एपीआय एचटीटीपी-कमांड्स' खाली जाऊन 'नो शटडाउन' द्यावं लागतं. हे राहिलं की कनेक्शन नाकारलं जातं आणि लोक पासवर्ड तपासत बसतात. दुसरी अडचण सेशन मागे राहण्याची. स्क्रिप्ट लोड आणि कमिटच्या मध्येच कोसळली तर उघडलेलं सेशन डिव्हाइसवर तसंच पडून राहतं. अशी सेशन मोजकीच ठेवता येतात, आणि मर्यादा भरली की पुढचा प्रत्येक लोड फसतो. उपाय साधा आहे: लोडनंतरचं सगळं काम ट्राय-फायनलीत घाला, आणि कमिट झालं नसेल तर फायनलीत 'डिसकार्ड_कॉन्फिग' हमखास बोलवा.

आता आयओएस. इथे जास्त वेळ देणं भाग आहे, कारण अडचणीही इथेच जास्त आहेत.

पारंपरिक आयओएसमध्ये कँडिडेट नावाची गोष्ट नाही. ड्रायव्हर तो फाइलींच्या साहाय्याने उभा करतो. मर्जची फाइल 'मर्ज_कॉन्फिग', रिप्लेसची 'कँडिडेट_कॉन्फिग', आणि कमिटच्या आधी काढलेली चालू कॉन्फिगची प्रत 'रोलबॅक_कॉन्फिग', अशा तीन टेक्स्ट फाइली फ्लॅशवर ठेवल्या जातात. मर्ज कमिट होतं म्हणजे ती फाइल चालू कॉन्फिगवर कॉपी होते. रिप्लेस कमिट होतं म्हणजे राउटरचीच 'कॉन्फिगर रिप्लेस' कमांड चालते. त्यासाठी डिव्हाइसवर तीन गोष्टींची तयारी लागते. 'आयपी एससीपी सर्व्हर एनेबल' असावं (एससीपी म्हणजे एसएसएचवरून फाइल पाठवण्याची सोय). 'आर्काइव्ह' खाली 'पाथ' स्थानिक फ्लॅशकडे वळवलेला असावा. आणि वापरकर्त्याला १५ व्या पातळीचे अधिकार लॉगिन होतानाच मिळावेत. टॅकॅक्स किंवा रेडियस (लॉगिन तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर) असेल तर त्यासाठी एक्झेक ऑथोरायझेशनही लागतं. ते नसलं की एसएसएच सुरळीत चालतं पण फाइल पाठवताना अधिकार नाकारले जातात, आणि कारण पटकन ध्यानात येत नाही. एससीपी सुरू करण्याची परवानगीच नसेल तर 'इनलाइन_ट्रान्सफर' हा पर्याय आहे. तो टीसीएल शेलमधून फाइलचा मजकूर सेशनवरच पाठवतो. तो संथ आहे, म्हणून छोट्या मर्जपुरताच ठेवावा. आर्काइव्हमध्ये 'राइट-मेमरी' लावलं असेल तर प्रत्येक सेव्हला एक नवी प्रत फ्लॅशवर पडते, तेव्हा 'मॅक्सिमम'ने तिला मर्यादा घालून ठेवा.

फाइलीच्या या मार्गाचा एक मोठा फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. साध्या स्क्रिप्टने ओळी एकेक करून एसएसएचवरून पाठवल्या आणि तिसऱ्या ओळीने आपलाच रस्ता बंद केला, तर चौथी ओळ राउटरपर्यंत पोचतच नाही. ॲक्सेस लिस्ट काढून पुन्हा लिहिताना किंवा मॅनेजमेंटचा आयपी पत्ता बदलताना हे हमखास घडतं. इथे मात्र पूर्ण फाइल आधीच राउटरच्या फ्लॅशवर असते. मधल्या एखाद्या ओळीने सेशन अडलं तरी राउटर आपली फाइल शेवटपर्यंत वाचतो. केवळ एवढ्यासाठी आयओएसवर नॅपाम वापरली तरी ती वसूल होते.

तोटा डिफमध्ये आहे. आयओएसवर मर्जचा डिफ म्हणजे, आपल्या फाइलमधल्या ज्या ओळी चालू कॉन्फिगमध्ये नाहीत त्यांची यादी. त्या ओळींमुळे जुन्या कोणत्या ओळी उडतील हे तो सांगत नाही. इंटरफेसचा आयपी पत्ता बदलला तर डिफमध्ये फक्त नवा पत्ता अधिक चिन्हासह दिसतो. जुना जाणार आहे याचा त्यात मागमूस नसतो. ॲक्सेस लिस्टचं तर त्याहून बिकट. नाव दिलेल्या लिस्टमध्ये क्रमांक न देता नवी 'परमिट' ओळ मर्ज केली की ती सगळ्यात खाली जाऊन बसते. वर 'डिनाय आयपी एनी एनी' असेल तर ती ओळ असून नसल्यासारखी. डिफ मात्र स्वच्छ दिसतो, कमिट यशस्वी होतं आणि ट्रॅफिक अडलेलंच राहतं. म्हणून आयओएसवर लिस्ट मर्ज करताना एकतर प्रत्येक ओळीला क्रमांक द्या, किंवा त्याच फाइलमध्ये आधी लिस्ट काढून मग पूर्ण लिहा. फाइल स्थानिक असल्याने दुसरा मार्ग चालतो, पण लिस्ट नसण्याचा तो क्षणभर कशाला परवडणार नाही हे आधी पाहा.

रिप्लेसचा डिफ जास्त खरा असतो, कारण तिथे राउटर दोन पूर्ण कॉन्फिगची तुलना करतो. पण तुलना मजकुराची आहे, अर्थाची नाही. फाइलमध्ये इंटरफेसचं नाव आखूड लिहिलं, पासवर्ड साधा लिहिला आणि राउटर तो एन्क्रिप्ट करून ठेवणारा असला, किंवा मुळातच लागू असलेली आणि 'शो रन'मध्ये (चालू कॉन्फिग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) न दिसणारी एखादी ओळ टाकली, तर राउटरच्या दृष्टीने त्या ओळी कधीच जुळत नाहीत. रिप्लेस कमांड फरक मिटेपर्यंत फेऱ्या मारते, आणि ५ फेऱ्यांनंतरही फरक उरला तर काम सोडून देते. ही एरर दिसली की तिच्याबरोबर छापलेल्या शेवटच्या फेरीच्या ओळी वाचा. गुन्हेगार त्यातच असतो. टेम्प्लेटमधून तयार झालेलं कॉन्फिग सरळ खऱ्या राउटरवर रिप्लेस करण्याआधी प्रयोगाच्या, तीच आवृत्ती असलेल्या राउटरवर चढवा, 'गेट_कॉन्फिग'ने परत उतरवून घ्या आणि राउटरने ज्या रूपात ओळी लिहिल्या त्याच रूपात टेम्प्लेट दुरुस्त करा. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

दोन अदृश्य अक्षरंही इथे छळतात. बॅनरच्या सुरुवातीला आणि शेवटी स्क्रीनवर कॅरेट आणि सी अशी दोन अक्षरं दिसतात, पण फाइलमध्ये तिथे आस्की ३ हे एकच अक्षर लागतं. स्क्रीनवरून कॉपी करून फाइल बनवली की दोन सुटी अक्षरं येतात आणि बॅनरपासून पुढचं सगळं बिघडतं. दुसरं म्हणजे राउटरने स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र. त्याच्या शेवटच्या 'क्विट' ओळीत एक टॅब दडलेला असतो. एडिटरने टॅबचे स्पेस केले की रिप्लेसच्या डिफमध्ये ते प्रमाणपत्र दरवेळी बदललेलं दिसतं. एडिटरची ही सवय त्या फोल्डरपुरती बंद करून टाका.

कमिटबद्दल एक इशारा मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखा आहे. आयओएसचा ड्रायव्हर साध्या कमिटबरोबर स्टार्टअप कॉन्फिगही सेव्ह करतो. हाताने काम करणारे जाणते लोक धोकादायक बदलाआधी 'रीलोड इन १०' लावून ठेवतात. रस्ता बंद झाला तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या स्टार्टअपवर येतो. नॅपामच्या कमिटनंतर ही युक्ती निकामी होते. राउटर रीस्टार्ट होईल, आणि तेच चुकीचं कॉन्फिग घेऊन उठेल.

त्याजागी वापरायचं ते 'रिव्हर्ट_इन'. कमिट करताना सेकंद द्यायचे, त्या वेळात 'कन्फर्म_कमिट' आलं नाही तर डिव्हाइस आपलं आपण मागे जातं. जुनोसवर ही संख्या ६० च्या पटीतच लागते, नाहीतर ड्रायव्हर नकार देतो. साधारण ३०० सेकंद ठेवावेत. बीजीपीचे (राउटरमध्ये रूटची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलचे) शेजारी पुन्हा जुळून रूट भरायला वेळ लागतो, आणि ६० सेकंदात तपासणी उरकण्याच्या घाईत चुका होतात. सगळ्या ड्रायव्हरमध्ये आणि सगळ्या आवृत्त्यांमध्ये ही सोय नाही. नसेल तिथे एरर येते, म्हणून आपली आवृत्ती आधी प्रयोगाच्या डिव्हाइसवर चालवून बघा. आणखी एक बारकावा: कन्फर्म करण्याआधीची तपासणी नव्या कनेक्शनवरून करा. जुनं सेशन जिवंत आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. व्हीटीवाय लाइनवरची (दुरून लॉगिन करण्याच्या वाटेवरची) ॲक्सेस लिस्ट किंवा लॉगिनची पद्धत बिघडली तर चालू सेशनला काही होत नाही, नवा माणूस मात्र आत येऊ शकत नाही. जुनं ऑब्जेक्ट कन्फर्मसाठी उघडं ठेवा, तपासणीला दुसरं उघडा.

'रोलबॅक'बद्दलही, म्हणजे आधीच्या कॉन्फिगवर परत जाण्याबद्दलही, गैरसमज नको. आयओएसवर रोलबॅकची फाइल प्रत्येक कमिटला नव्याने लिहिली जाते. म्हणजे एकच पाऊल मागे. सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कमिट झाले, तर रोलबॅक दुपारच्या आधीपर्यंतच नेतो. त्याहून मागे जायचं असेल तर 'गेट_कॉन्फिग'ने घेतलेल्या स्वतःच्या प्रती हव्यात. त्या गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवताना 'सॅनिटाइज्ड' पर्याय लावला की पासवर्ड झाकले जातात. पण अशी झाकलेली प्रत रिप्लेसला चालत नाही, तेव्हा पूर्ण प्रत वेगळी, कुलूपबंद जागी ठेवा. शेवटच्या बदलाची वेळ सांगणाऱ्या ओळी येत असतील तर त्या गाळूनच गिटमध्ये टाका, नाहीतर काहीही न बदलता रोज नवा फरक दिसत राहील.

एनएक्स-ओएसवर रिप्लेससाठी साधी 'शो रन'ची फाइल चालत नाही, चेकपॉइंटच्या (डिव्हाइसने स्वतः साठवलेल्या कॉन्फिग-प्रतीच्या) साच्यातली फाइल लागते. मर्जचा डिफ इथेही अंदाजाचाच. तिथे मर्जवर भर ठेवावा आणि तुकडे छोटे ठेवावेत.

माहिती वाचणाऱ्या मेथड हा नॅपामचा दुसरा पाय, आणि कॉन्फिगच्या कामात त्यांचा उपयोग कमिटनंतरच्या तपासणीला होतो. 'गेट_फॅक्ट्स' मॉडेल, आवृत्ती, सिरियल क्रमांक आणि इंटरफेसची यादी देतं. 'गेट_बीजीपी_नेबर्स' प्रत्येक व्हीआरएफखाली (राउटरमधल्या स्वतंत्र रूट टेबलखाली) शेजारी, तो वर आहे की नाही आणि किती प्रिफिक्स (नेटवर्क पत्त्यांचे गट) आले-गेले ते देतं. उत्तराचा साचा सगळ्या कंपन्यांच्या डिव्हाइसवर तोच असल्याने तपासणीचा कोड एकदाच लिहावा लागतो. एक काळजी घ्या: जी संख्या मिळत नाही तिथे उणे १ येतो. प्रिफिक्सची बेरीज करताना हे उणे १ न गाळता धरले तर आकडा गुपचूप चुकतो.

'कंप्लायन्स_रिपोर्ट' मला या लायब्ररीतली सर्वांत दुर्लक्षित चांगली गोष्ट वाटते. अपेक्षित स्थिती यॅमल फाइलमध्ये लिहायची, म्हणजे अमुक शेजारी वर हवेत, अमुक आवृत्ती हवी. तुलना आणि मर्यादाही लिहिता येतात. मेथड प्रत्येक बाबीला जुळलं की नाही ते सांगते. 'स्ट्रिक्ट' लावलं तर यादीबाहेरचा जास्तीचा शेजारीही पकडला जातो. हाच रिपोर्ट कमिटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चालवा. आधीच बिघडलेलं काही असेल तर ते आपल्या माथी येत नाही.

नॅपाम स्वतः एका वेळी एकाच डिव्हाइसशी बोलते. शंभर राउटरना हात घालायचा असेल तर वर नॉर्नीर (अनेक डिव्हाइसवर एकत्र काम चालवणारं पायथन फ्रेमवर्क) घ्या. त्याचा थ्रेडचा रनर मुळात २० डिव्हाइस एकत्र घेतो. टॅकॅक्स सर्व्हर जुना असेल तर २० एकदम लॉगिन त्याला झेपत नाहीत आणि पासवर्ड बरोबर असूनही काही राउटर नकार देतात. अशा वेळी संख्या ५ वर आणा. आणि आयओएसच्या एकाच राउटरवर दोन स्क्रिप्ट एकाच वेळी कधीही सोडू नका. दोन्ही त्याच नावाची फाइल फ्लॅशवर लिहितात आणि तिथे त्यांना अडवणारा लॉक नाही. एकीने दाखवलेला डिफ आणि प्रत्यक्ष कमिट झालेली फाइल वेगळी असू शकते. 'मर्ज_सीएफजी' आणि 'कँडिडेट_सीएफजी' या पर्यायांनी फाइलींची नावं वेगळी ठेवता येतात, पण एकावर एक कमिट होण्याचा धोका त्याने जात नाही. रांग लावणं हाच मार्ग.

एक-दोन 'शो' कमांड गोळा करायच्या असतील, किंवा डिव्हाइस या पाचांपैकी नसेल, तर नॅपामचा भार कशाला, नेटमिको पुरेशी आहे. आयओएससाठी नॅपाम आतून तीच वापरते. घरात फक्त जुनोस असेल तर पायईझेड जास्त खोल नेते. मिश्र कंपन्यांचं नेटवर्क, आठवड्याला बरेच बदल आणि प्रत्येक बदल आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायचा असा नियम असेल, तर नॅपाम घ्या. सुरुवात ईओएस किंवा जुनोसपासून करा, आयओएसवर पहिले काही महिने फक्त मर्ज ठेवा, आणि रिप्लेसकडे जाण्याआधी प्रत्येक मॉडेलसाठी, न बदललेलं कॉन्फिग चढवून डिफ खरोखर रिकामा येतो का ते पाहा.